डीबग बंद आहे ना? : वेब फ्रेमवर्कमधल्या कॉन्फिगरेशनचा आढावा

काही वर्षांपूर्वी आम्ही एका शिक्षणसंस्थेसाठी प्रवेशअर्जांची वेबसाइट केली. भाषा पायथन, फ्रेमवर्क जँगो. अर्ज सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी एका पालकांनी स्क्रीनशॉट पाठवला. अर्जाच्या जागी एक लांबलचक पान उघडलं होतं. वर पिवळा पट्टा, खाली आमच्या कोडच्या ओळी, फाइलींचे पत्ते, आणि त्यांनी नुकताच भरलेला मुलाचा सगळा तपशील. प्रोग्राम लिहिणाऱ्याला चूक सापडावी म्हणून, 'डीबग' ही सेटिंग चालू असताना जँगो हे पान दाखवतं. ते आमच्या टेबलावर दिसायला हवं होतं, पालकांच्या मोबाइलवर नव्हे.

डीबग आम्ही बंद केला होता, निदान आमची तशी समजूत होती. सर्व्हरवर 'डीबग' नावाच्या एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 'फॉल्स' लिहिलेलं होतं आणि सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ ते वाचत होती. पण एनव्हायर्नमेंटमधून जे येतं ते नेहमी अक्षरांच्या रूपात येतं. पायथनच्या हाती 'खोटं' हे मूल्य आलंच नाही, पाच रोमन अक्षरांचा एक शब्द आला. आणि पायथनच्या नियमानं, रिकामा नसलेला कुठलाही शब्द खराच धरला जातो. चिठ्ठीवर 'नाही' लिहिलेलं होतं, पण चिठ्ठी हाती आली एवढ्यावरूनच तिला 'हो' समजलं गेलं. ती ओळ आम्ही तिघांनी तपासली होती आणि तिघांनाही ती बरोबर वाटली होती.

कोड तपासताना लागते ती नजर आम्ही सेटिंगवर ठेवलीच नव्हती, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून मी या विषयाकडे गांभीर्यानं पाहतो आहे. गेल्या पंचवीस वर्षांत वेब फ्रेमवर्क बदलत गेली तशी सेटिंग ठेवायची जागाही बदलत गेली. आधी एक्सएमएल, मग कोडची फाइल, मग एनव्हायर्नमेंट, मग तिजोरी. प्रत्येक वेळी वाद झाला तो जागेवरून. या सगळ्या जागांचा आढावा घेताना मला एवढंच सांगायचं आहे की जागा सगळ्यात शेवटी ठरवावी. त्याआधी प्रत्येक सेटिंगला तीन प्रश्न विचारावेत. ही कोण बदलणार? ही केव्हा वाचली जाणार? आणि ही बाहेर फुटली तर काय होईल?

एका नावाखाली चार गोष्टी

'कॉन्फिगरेशन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. त्यात किमान चार वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली गोष्ट म्हणजे अॅप्लिकेशनची स्वतःची रचना: कुठले मॉड्यूल जोडलेले आहेत, कुठला पत्ता उघडल्यावर कुठलं पान यावं. ही सगळीकडे सारखीच असते आणि ती प्रोग्रामरच बदलतो. दुसरी, ठिकाणानुसार बदलणारी माहिती: डेटाबेसचा पत्ता, मेल सर्व्हरचं नाव. ही लॅपटॉपवर एक, टेस्टिंगला दुसरी, प्रॉडक्शनला तिसरी. तिसरी, गुपितं: पासवर्ड, पेमेंट गेटवेची किल्ली, कुकीवर सही करण्याची किल्ली. आणि चौथी, चालू साइटवर फिरवायची बटणं: एखादी नवी सोय आज दहा टक्के लोकांना दाखवायची, उद्या सर्वांना.

या चारही गोष्टी एकाच फाइलमध्ये नांदू लागल्या की गोंधळाला सुरुवात होते. कारण तिन्ही प्रश्नांची उत्तरं चौघींसाठी वेगळी आहेत.

एक्सएमएलचे दिवस

२००० च्या दशकात पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत जावावर काम सुरू केलेल्या पिढीला स्ट्रट्स या फ्रेमवर्कची एक्सएमएल फाइल विसरता येणार नाही. स्ट्रट्स २००० मध्ये आलं, स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती २००४ मध्ये. कोड पुन्हा कंपाइल न करता अॅप्लिकेशनची जोडणी बदलता यावी, असा त्यामागचा विचार होता. म्हणून कुठला क्लास कुठल्या क्लासला जोडायचा, कुठल्या पत्त्यावर कुठली कृती करायची, हे सगळं एक्सएमएलमध्ये गेलं.

हेतू चांगला होता, पण प्रत्यक्षात ती एक्सएमएल फाइल अॅप्लिकेशनच्या गठ्ठ्यातच बांधलेली असे. ती बदलायची तर गठ्ठा नव्यानं चढवावाच लागे. शिवाय बदल करणारा माणूस तोच, कोड लिहिणारा. फायदा थोडा झाला आणि तोटा मोठा. क्लासचं नाव एक्सएमएलमध्ये नुसता मजकूर म्हणून राहिल्यामुळे त्यातली स्पेलिंगची चूक कंपायलरला दिसत नसे. ती दिसे अॅप्लिकेशन चालू करताना किंवा ग्राहकानं ते पान उघडल्यावर. पहिल्या प्रकारची गोष्ट, म्हणजे रचना, दुसऱ्या प्रकारच्या जागेत नेऊन ठेवल्याचा हा परिणाम होता. स्प्रिंगनं पुढे २००७ च्या २.५ आवृत्तीत अॅनोटेशनवर भर दिला आणि ही जोडणी हळूहळू कोडमध्ये परत आली.

संकेत पाळा, फाइल लिहू नका

या एक्सएमएलच्या पसाऱ्याला सर्वात जोरदार उत्तर दिलं रूबी ऑन रेल्सनं. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्पच्या कामातून हे फ्रेमवर्क वेगळं काढलं आणि २००४ मध्ये खुलं केलं. कॉन्फिगरेशनपेक्षा संकेत महत्त्वाचा, हे त्याचं तत्त्व. क्लासचं नाव 'बुक' असेल तर टेबलाचं नाव 'बुक्स' असणारच, मग ते लिहायचं कशाला? लिहायची सेटिंगच कमी केली की चुकणारी सेटिंगही कमी होते. रेल्सनं डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन असे तीन ठरलेले परिसरही दिले. आज जवळपास प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये ही त्रयी या ना त्या रूपात आहे.

संकेताची मर्यादा मात्र आपल्याला लवकर कळते, कारण तो संकेत इंग्रजी व्याकरणावर उभा आहे. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून क्लासला 'पुस्तक' असं नाव दिलं तर रेल्स 'पुस्तक'ला इंग्रजी 'एस' जोडून तयार झालेलं टेबल शोधत बसतं. टेबलाचं नाव 'पुस्तके' असेल तर ते हातानं लिहून सांगावं लागतं. संकेताबाहेर पाऊल टाकलं की कॉन्फिगरेशन परत येतं. तरीही रेल्सचा धडा मोलाचाच आहे: सर्वात चांगली सेटिंग ती, जी लिहावीच लागली नाही.

सेटिंग म्हणजेच कोड

जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि जुलै २००५ मध्ये ते खुलं झालं. त्याची सेटिंगची फाइल म्हणजे साधी पायथन फाइल. तिच्यात गणित करता येतं, अट घालता येते, टिप्पणी लिहिता येते. फ्रेमवर्कच्या पोटात मूळ मूल्यांची एक फाइल असते आणि आपली फाइल त्यातलं हवं तेवढं बदलते. त्या मूळ फाइलमध्ये वेळेचा पट्टा आजही शिकागोचा आहे. नवा प्रकल्प सुरू करताना जँगो तिथे जागतिक प्रमाणवेळ भरून देतं आणि आपण ती बदलून कोलकात्याची करतो.

ही फाइल आपल्या मातीत कशी उतरते हे पाहण्यासारखं आहे. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये 'एमआर' ही दोन अक्षरं लिहिली की अनुवाद झालेले संदेश मराठीत दिसू लागतात. आकड्यांत स्वल्पविराम टाकण्याची सेटिंग चालू करून गटवारीत ३, २, ० असे आकडे दिले, तर मोठी रक्कम हजार-मिलियनऐवजी लाख-कोटींच्या पद्धतीनं तुटते. ही सोय २०१७ च्या १.११ आवृत्तीत आली. ज्यासाठी वेगळा कोड लिहावा लागला असता ते दोन ओळींत होतं. सेटिंग चांगली रचली तर तिची ताकद अशी असते.

पण फाइल कोड असली की कोडचे रोगही तिला जडतात. एकेकाळी जवळजवळ प्रत्येक जँगो प्रकल्पात 'लोकल सेटिंग्ज' नावाची आणखी एक फाइल असे. मुख्य फाइलच्या तळाशी ती ओढून घेतली जाई आणि ती गिटमध्ये ठेवलेली नसे. परिणाम असा, की सर्व्हरवर प्रत्यक्षात काय चालू आहे हे फक्त त्या सर्व्हरला ठाऊक. नव्यानं रुजू झालेल्या मुलीला कोणीतरी ती फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवणार, त्यात प्रॉडक्शनचा पासवर्डही जाणार. पुढे बहुतेकांनी मूळ, लॅपटॉप आणि प्रॉडक्शन अशा वेगळ्या फाइली करून सगळ्या गिटमध्ये ठेवल्या. रचना दिसू लागली, गुपितांचा प्रश्न मात्र तसाच उरला.

एनव्हायर्नमेंटचं राज्य

२०११ मध्ये हेरोकूच्या अॅडम विगिन्स यांनी वेब अॅप्लिकेशनसाठी बारा सूत्रं मांडली. तिसरं सूत्र कॉन्फिगरेशनचं: जे ठिकाणानुसार बदलतं ते एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवा. त्याबरोबर त्यांनी एक कसोटी दिली, आणि माझ्या मते या विषयावरची ती सर्वोत्तम कसोटी आहे. तुमचा सगळा कोड या क्षणी जगासाठी खुला केला तर एखादं गुपित फुटेल का? फुटत असेल तर कॉन्फिगरेशन अजून कोडमध्ये अडकलेलं आहे. या सूत्रानं अॅप्लिकेशनची अंतर्गत रचना मुद्दाम बाहेर ठेवली होती. ती कोडमध्येच राहावी असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नंतरच्या अनेकांनी तेवढं वाक्य वगळलं आणि सगळंच एनव्हायर्नमेंटमध्ये कोंबलं.

एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल ही कल्पना १९७९ च्या युनिक्सइतकी जुनी. प्रत्येक भाषेला ती वाचता येते, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमवर ती असते. लॅपटॉपवर दहा व्हेरिएबल रोज टाइप करणं शक्य नाही, म्हणून 'डॉट-ईएनव्ही' नावाची फाइल आली. रूबीत ब्रँडन कीपर्स यांनी ती रुळवली, मग नोड आणि पीएचपीत तिचे अवतार निघाले. २०१५ च्या लाराव्हेल ५ नं ती नव्या प्रकल्पाचा भागच केली. आज कुठल्याही कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये ही फाइल दिसते.

या पद्धतीचे तीन दोष मात्र नीट समजून घ्यायला हवेत. एक, सगळं अक्षरांत येतं. आमचा 'फॉल्स' त्यातलाच. दोन, एखाद्या प्रक्रियेचं एनव्हायर्नमेंट तिनं सुरू केलेल्या प्रत्येक उपप्रक्रियेला वारशानं मिळतं. फोटो लहान करणाऱ्या छोट्या प्रोग्रामलाही डेटाबेसचा पासवर्ड आयता कळतो. तीन, 'डॉट-ईएनव्ही' ही शेवटी फाइलच आहे. लाराव्हेलमध्ये बाहेरच्या जगाला फक्त 'पब्लिक' हा फोल्डर दिसायला हवा. पण स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर पुष्कळदा सगळा प्रकल्प उचलून 'पब्लिक एचटीएमएल'मध्ये टाकला जातो. मग ब्राउझरमध्ये डोमेनपुढे 'डॉट-ईएनव्ही' लिहिलं की पासवर्डसकट फाइल समोर येते. असे पत्ते ठोठावत फिरणारे बॉट रात्रंदिवस चालू असतात. कुठल्याही सर्व्हरचा लॉग उघडून पाहा, या पत्त्यावरच्या टकटकीच्या नोंदी सापडतील.

थरांवर थर

मोठ्या कंपन्यांच्या गरजेतून आणखी एक पद्धत आली ती थरांची. २०१४ मध्ये स्प्रिंग बूटची पहिली आवृत्ती आली, २०१६ मध्ये एएसपी डॉट नेट कोअर. दोन्हींत मूल्यं अनेक ठिकाणांहून येतात आणि वरचा थर खालच्याला झाकतो. स्प्रिंग बूटमध्ये तळाशी कोडमधली मूळ मूल्यं, त्यावर अॅप्लिकेशनसोबतची फाइल, त्यावर बाहेर ठेवलेली फाइल, त्यावर एनव्हायर्नमेंट, आणि सर्वांत वर कमांड लाइन.

सोय मोठी आहे. पण रात्री दोन वाजता साइट चुकीच्या डेटाबेसला जोडली गेलेली दिसते, तेव्हा प्रश्न एकच असतो: हे मूल्य आलं कुठून? थर जितके जास्त, तितकं उत्तर लांब. स्प्रिंग बूटमध्ये हे दाखवणारं एक पान असतं. पण तेच पान उघडं राहिलं तर ती माहिती हल्लेखोरालाही मिळते. म्हणून २०२२ च्या ३.० आवृत्तीपासून त्या पानावरची सगळी मूल्यं मुळातच झाकलेली असतात. सोय आणि सुरक्षितता यांची ओढाताण इथे थेट दिसते.

थरांबरोबर यामल या स्वरूपातल्या फाइलीही आल्या. त्या वाचायला सोप्या, पण त्यांच्या पोटातले नियम फसवे आहेत. पुण्याचा एसटीडी कोड सेटिंगमध्ये लिहायचा म्हणून कोणी अवतरणचिन्हं न देता ०२० असे आकडे लिहिले, तर यामलच्या १.१ आवृत्तीच्या नियमानं शून्यानं सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते आणि ०२० चे होतात १६. मुंबईचा ०२२ होतो १८. याच नियमांत 'येस', 'नो', 'ऑन', 'ऑफ' हे शब्द खरं-खोटं बनतात. नॉर्वे देशाचं दोन अक्षरी चिन्ह 'एनओ', ते लिहिलं की 'खोटं' होतं. २००९ च्या १.२ आवृत्तीनं हे नियम सुधारले, पण जुन्या नियमांनी चालणारी साधनं अजून सर्रास वापरात आहेत. पायथनमध्ये 'फॉल्स' हा शब्द खरा ठरला, यामलमध्ये शब्द आणि एसटीडी कोड न मागता दुसरंच काही बनले. दोन्ही चुकांचं मूळ एकच: मूल्याचा प्रकार कोणीच नेमका सांगितला नव्हता.

गुपितांचा संसार

तिसऱ्या प्रकारच्या सेटिंगला, म्हणजे गुपितांना, फुटण्याची किंमत असते. ती किती मोठी असते याची दोन उदाहरणं देतो. २०१६ मध्ये हल्लेखोर उबरच्या अभियंत्यांच्या खाजगी गिटहब रिपॉझिटरीत शिरले. तिथे त्यांना क्लाउडच्या किल्ल्या सापडल्या आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी-चालकांची माहिती गेली. खाजगी रिपॉझिटरी म्हणजे तिजोरी नव्हे, हा त्यातला धडा. दुसरं उदाहरण टोयोटाचं. त्यांच्या एका ग्राहकसेवेच्या कोडचा काही भाग कंत्राटदाराकडून गिटहबवर सार्वजनिक झाला आणि त्यात डेटा-सर्व्हरची किल्ली होती. डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत, जवळपास पाच वर्षं, ती कोणाच्या लक्षात आली नाही. २,९६,०१९ ग्राहकांचे ईमेल पत्ते उघडे पडल्याची शक्यता कंपनीनं जाहीर केली.

गिटचा स्वभाव इथे लक्षात घ्यायला हवा. आज किल्ली कमिट झाली आणि उद्या ती ओळ खोडली, तरी कालच्या कमिटमध्ये ती तशीच राहते. म्हणून फुटलेली किल्ली पुसून भागत नाही, ती रद्द करून नवी घ्यावी लागते.

यावर उपाय तीन दिशांनी आले. रेल्सनं २०१८ च्या ५.२ आवृत्तीत गुपितांची फाइल कूटबद्ध करून ती गिटमध्येच ठेवली आणि तिची मुख्य किल्ली मात्र गिटबाहेर. कुठलं गुपित केव्हा बदललं याचा इतिहास राहतो आणि सांभाळायला एकच किल्ली उरते. दुसरी दिशा स्वतंत्र तिजोरीची: हाशीकॉर्पचं व्हॉल्ट २०१५ मध्ये आलं, मोठ्या क्लाउड कंपन्यांनीही अशा सेवा दिल्या. तिथे कोणी कुठलं गुपित वाचलं याची नोंद होते. तिसरी दिशा कुबरनेटिसची. त्यात 'सिक्रेट' नावाची वस्तू असते, पण नावावर जाऊ नये. त्यातला मजकूर मुळात फक्त बेस-६४ या लिपीत बदललेला असतो आणि तो एका कमांडमध्ये उलगडतो. कूटबद्ध करण्याची सोय वेगळी चालू करावी लागते.

फ्रेमवर्कनंही आपला वाटा उचलला आहे. जँगो नवा प्रकल्प बनवताना जी गुप्त किल्ली तयार करतं, तिच्या सुरुवातीलाच २०२१ पासून 'इनसिक्युअर' हा शब्द असतो. प्रॉडक्शनवर ती तशीच राहिली तर तपासणीत इशारा मिळतो. २०२२ च्या ४.१ आवृत्तीपासून जुनी किल्ली काही काळ मान्य ठेवून नवी लागू करता येते, म्हणजे किल्ली बदलली म्हणून सगळे वापरकर्ते एकदम लॉगआउट होत नाहीत. असे बदल दिसायला लहान असतात. पण किल्ली बदलणं सोपं झालं तरच माणसं ती बदलतात. उलट उदाहरण एएसपी डॉट नेटचं. मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की कोडच्या नमुन्यांत आणि इतरत्र सार्वजनिक झालेल्या तीन हजारांहून अधिक 'मशीन की' सापडल्या आहेत आणि हल्लेखोर अशा किल्ल्या वापरत आहेत. लोकांनी नमुन्यातली किल्ली उचलली आणि तीच आपल्या दाराला लावली.

सेटिंग केव्हा वाचली जाते?

तीन प्रश्नांतला हा सर्वात दुर्लक्षित प्रश्न. सेटिंग तीन वेळी वाचली जाऊ शकते: बांधणीच्या वेळी, सुरू होताना, किंवा प्रत्येक विनंतीच्या वेळी. वेळ चुकली की बरोबर सेटिंगही चुकते.

नेक्स्ट जेएसमध्ये 'नेक्स्ट पब्लिक' या उपसर्गानं सुरू होणारी व्हेरिएबल बांधणीच्या वेळीच ब्राउझरकडे जाणाऱ्या फाइलींत कोरली जातात. त्यात पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली ठेवली तर ती प्रत्येक ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसते. मग सर्व्हरवर व्हेरिएबल कितीही वेळा बदला, नव्यानं बांधणी होईपर्यंत जुनंच मूल्य चालू राहतं. एलिक्सरच्या फिनिक्स फ्रेमवर्कमध्येही वर्षानुवर्षं हाच घोळ होता. कंपाइल करणाऱ्या मशीनचं एनव्हायर्नमेंट प्रॉडक्शनमध्ये जाऊन बसे. एलिक्सर १.११ नं २०२० मध्ये चालू होताना वाचायची वेगळी फाइल दिली आणि प्रश्न सुटला.

लाराव्हेलमध्ये वेग वाढवण्यासाठी सगळं कॉन्फिगरेशन एकत्र करून साठवायची कमांड आहे. ती चालवल्यावर 'डॉट-ईएनव्ही' फाइल वाचलीच जात नाही. एखाद्यानं कंट्रोलरमध्ये थेट एनव्हायर्नमेंट वाचायची ओळ लिहिली असेल तर लॅपटॉपवर ती उत्तम चालते आणि प्रॉडक्शनवर रिकामं मूल्य देते. एनव्हायर्नमेंट फक्त कॉन्फिगरेशनच्या फाइलींतच वाचावं, हा लाराव्हेलचा नियम यासाठीच आहे आणि तो इतर फ्रेमवर्कमध्येही पाळण्याजोगा आहे.

चालू साइटवर फिरवायच्या बटणांचा धोका सर्वात मोठा, कारण ती क्षणात सगळीकडे लागू होतात. वेबबाहेरचं असलं तरी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलालीसंस्थेचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांनी जुन्या, बंद पडलेल्या सोयीचं बटण नव्या कामासाठी वापरलं. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नव्हता. त्या सर्व्हरवर बटणानं जुना कोड जागा केला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक रक्कम बुडाली. म्हणून निरुपयोगी झालेलं बटण लगेच काढून टाकावं आणि त्याचं नाव पुन्हा वापरू नये.

तपासणी आणि मूळ मूल्य

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक व्यावसायिक स्टोरेज प्रणाली आणि चार खुल्या प्रणालींमधल्या कॉन्फिगरेशनच्या ५४६ खऱ्या चुका तपासल्या गेल्या. त्यातल्या ७० ते ८५.५ टक्के चुका एखाद्या मूल्याच्या होत्या. आणि मूल्याच्या चुकांपैकी ३८ ते ५४ टक्के चुका अशा, की त्या स्वरूपाचा किंवा नियमाचा सरळ भंग करत होत्या. म्हणजे आपोआप चालणाऱ्या साध्या तपासणीत त्या सापडल्या असत्या.

ही तपासणी आज हाताशी आहे. पायथनमध्ये पायडँटिक, जावास्क्रिप्टमध्ये झॉड यांसारख्या लायब्ररी प्रत्येक सेटिंगचा प्रकार घोषित करायला लावतात. मूल्य चुकलं तर अॅप्लिकेशन सुरूच होत नाही. सुरू न होणं हे त्रासदायक वाटतं, पण चूक तेव्हाच कळते आणि आपल्याला कळते, पालकांना नाही. जँगोतली डिप्लॉयपूर्व तपासणीची कमांड डीबग चालू आहे का, गुप्त किल्ली कमकुवत आहे का, कुकी सुरक्षित आहे का, हे एका झटक्यात सांगते. आमच्या त्या साइटवर ती कमांड त्या सर्व्हरच्या सेटिंगसह एकदा चालवली असती, तर ते पिवळं पान कोणालाच दिसलं नसतं.

त्याहून खोल प्रश्न मूळ मूल्याचा. बहुतेक माणसं बहुतेक सेटिंग्ज कधीच बदलत नाहीत, त्यामुळे फ्रेमवर्क लिहिणाऱ्यानं निवडलेलं मूल्य हेच जगाचं मूल्य होतं. पीएचपीत पूर्वी पत्त्यातून आलेली कुठलीही गोष्ट आपोआप प्रोग्रामचं व्हेरिएबल बनायची. त्यातून असंख्य साइट फोडल्या गेल्या. ही सोय २००२ मध्ये मूळ मूल्य म्हणून बंद झाली आणि २०१२ च्या ५.४ आवृत्तीत काढूनच टाकली गेली. जँगोनं २०१३ पासून डीबग बंद असताना परवानगी असलेल्या डोमेनची यादी सक्तीची केली. पॅट्रिऑन या साइटवरचा २०१५ मधला डेटाचोरीचा प्रकार तर साइटची डीबग आवृत्ती सार्वजनिक राहिल्यामुळे घडला, असं कंपनीनंच सांगितलं होतं. चुकीच्या कॉन्फिगरेशनला ओवॅस्प या वेबसुरक्षेच्या संस्थेनं केलेल्या धोक्यांच्या यादीत २०१७ मध्ये सहावं आणि २०२१ मध्ये पाचवं स्थान होतं. धोका कमी झालेला नाही.

निष्कर्ष

एवढ्या आढाव्यानंतर माझं मत स्पष्ट आहे. अॅप्लिकेशनची रचना कोडमध्ये ठेवावी, कारण ती बदलणारा प्रोग्रामरच असतो आणि तिची चूक कंपायलरनं किंवा चाचणीनं पकडावी. ठिकाणानुसार बदलणारी माहिती एनव्हायर्नमेंटमध्ये ठेवावी, पण तिचा प्रकार घोषित करून आणि सुरू होतानाच तपासून. गुपितं तिजोरीत किंवा कूटबद्ध फाइलमध्ये ठेवावीत आणि ती बदलण्याचा सराव आधीच करून ठेवावा. चालू बटणांची यादी ठेवावी, प्रत्येकाला एक मालक आणि संपण्याची तारीख द्यावी. आणि मूळ मूल्य नेहमी सुरक्षित बाजूचं असावं: डीबग चालू करायला श्रम पडोत, बंद ठेवायला नकोत.

हे करायला मोठी कंपनी लागत नाही, मोठा पगारही लागत नाही. तालुक्याच्या पतसंस्थेची, शाळेची, ग्रंथालयाची साइट करणाऱ्या दोघा-तिघांच्या चमूलाही हे जमतं, आणि त्यांनीच ते आधी करायला हवं, कारण त्यांच्या साइटवर साध्या माणसांचे आधार क्रमांक आणि मोबाइल नंबर असतात. आज संध्याकाळी काम आवरण्याआधी आपल्या साइटवर मुद्दाम एक चुकीचा पत्ता उघडा आणि काय दिसतं ते पाहा. मग डोमेनपुढे 'डॉट-ईएनव्ही' लिहून पाहा. दोन्ही ठिकाणी 'पान सापडलं नाही' एवढंच साधं उत्तर आलं, तर बाकीच्या सेटिंग्ज उद्या सकाळी तपासा. दुसरं काही दिसलं, तर आज रात्रीच.